इब्रीजवळची न धावलेली रेल्वे

मस्कतमधल्या एका एसीच्या कंपनीत मी ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर इमारतींच्या नकाशांवर हवेचे डक्ट काढायचे, हे माझं काम. संध्याकाळी तासभर गाडी हाकत माबेलाला घरी येतो, चहा घेतो आणि पुन्हा लॅपटॉप उघडून रेघा काढायला बसतो. बायकोला याचं नवल वाटायचं. "ऑफिसात रेघा, घरी पण रेघा. तुझं पोट भरत नाही का रे?" असं ती विचारायची.

घरच्या रेघा वेगळ्या होत्या. इंटरनेटवर एक नकाशा आहे, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून काढलेला. उपग्रहाचा फोटो बघून कोणीही त्यात रस्ता, ओढा, देऊळ, विहीर काढू शकतो आणि चुकलं तर दुसरा कोणीतरी दुरुस्त करतो. मला नाद लागला तो पूर्वी असलेल्या आणि आता नसलेल्या गोष्टींचा, विशेषतः बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचा. सुरुवात आमच्या वसईकडच्या एका बंद दगडखाणीपासून झाली. तिथल्या ट्रॉलीचे रूळ केव्हाच उपटून नेलेत, पण फोटोत झाडीतून जाणारी सरळ पट्टी अजून दिसते. ती मी नकाशावर काढली त्या दिवशी मला फार आनंद झाला. आता असा नाद असलेला माणूस राहतो कुठे, तर ओमानमध्ये! सोहारकडे रूळ टाकायचं काम आत्ता कुठे सुरू झालंय. ज्या देशात चालू रेल्वे नाही तिथे बंद पडलेली कुठून मिळणार?

आणि एक दिवस मला ती मिळाली. इब्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्यापासून एका ओसाड गावापर्यंत, कोणीतरी सहा-सात किलोमीटरची रेघ काढून ठेवली होती. खाली लिहिलं होतं: बंद पडलेला रेल्वेमार्ग. गावातल्या एका मोठ्या पडक्या इमारतीवर 'जुने स्टेशन' अशी खूणही होती.

मी ती रेघ काढणाऱ्याला नकाशावरूनच निरोप पाठवला. उत्तर लगेच आलं. तो दूर कुठल्या तरी थंड देशातला निवृत्त शिक्षक होता आणि ओमानला कधी आलेला नव्हता. त्याने लिहिलं होतं, "फोटोत बघा. किती सरळ ओळ आहे! सारख्या अंतरावर मातीचे ढीग आहेत. मला तरी तो रुळांखालचा भराव वाटतो. तुम्ही तिथेच राहता, तर जाऊन बघाल का?"

मी फोटो मोठा करून बघितला. ढीग होते, ओळीत होते. मलाही रेल्वे दिसायला लागली. ज्याला जे बघायचं असतं, त्याला ते दिसतं.

मुलीने यायला साफ नकार दिला. "पप्पा, देअर आर नो ट्रेन्स इन ओमान," एवढं बोलून ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. बायको तयार झाली, पण इब्रीच्या बाजारात दोन तास तिचे, या अटीवर. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून शुक्रवारी चर्च आटोपलं आणि शनिवारी पहाटे फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल पाव, आणि सुकटाची चटणी डब्यात घालून आम्ही निघालो.

इब्रीच्या बाजारात पडद्याचं कापड बघताना बायको माझ्याशी मराठीत बोलली, तशी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मान वर केली. "मुलूख खंयचो?" तो रत्नागिरीकडचा निघाला. तीस वर्षं इब्रीत काढलेली. पाच मिनिटांत तो आमचा चाचा झाला, चहा आला आणि मी त्याला मोबाइलवर रेल्वे दाखवली.

चाचाने ती बोटाने मोठी करून बघितली. मग म्हणाला, "भाऊ, तीस वर्षं मी हितं आहे. एक शिट्टी ऐकली नाय." पण ते गाव त्याला माहीत होतं. त्याच्या अर्बाबचं, म्हणजे दुकानाच्या मालकाचंच, ते मूळ गाव. चाचाने तिथल्या तिथे फोन लावला. अर्धा तास अरबीत बोलणं झालं, मध्येमध्ये जोरजोरात हसणं झालं. शेवटी तो म्हणाला, "अर्बाब येतोय. दुपारी दुकान तसंही बंद. यल्ला, चला."

अर्बाब सत्तरीचा, उंच, अंगात पांढरी पायघोळ दिशदाशा आणि हातात काठी. आमच्या गाडीत पुढे बसला आणि वाट दाखवू लागला. डांबरी रस्ता संपला, मग खडी लागली आणि समोर ओळीने ढीग दिसले. गाडी थांबताच मी मोबाइल हातात धरून, त्यावरचा स्वतःचा निळा ठिपका रेघेवर येतोय का ते बघत, पहिल्या ढिगावर चढायला लागलो.

मागून कोणीतरी माझा दंड इतका घट्ट पकडला की दुखला. अर्बाब होता. त्याने काठीने पुढे दाखवलं. ढिगाच्या मध्ये भोक होतं. माणूस सहज आत जाईल एवढं गोल, काळोखं, कठडा नसलेलं भोक. माझ्या पायापासून दोन पावलांवर.

"अरे देवा!" बायको मागून ओरडली. "मोबाइल खिशात टाक आधी!"

मी टाकला. मग तिथेच खाली बसलो. अर्बाबने एक खडा उचलून भोकात टाकला. आम्ही चौघांनी कान टवकारले. बऱ्याच वेळाने खालून कोरडा टक असा आवाज आला.

"फलज," अर्बाब म्हणाला.

फलज म्हणजे काय ते मला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. ओमानच्या गावांत खजुरांच्या बागांतून वाहणारे पाण्याचे पाट मी कितीदा बघितले होते, पाय बुडवून फोटो काढले होते. ते पाणी येतं कुठून, हे कधी विचारलंच नव्हतं. अर्बाब सांगत गेला आणि चाचा मराठीत उलगडून देत गेला. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर असते, तिला फलजची आई म्हणतात. तिथून जमिनीखालून बोगदा खणत गावापर्यंत पाणी आणतात. बोगदा खणायला आणि पुढे साफ करायला ठरावीक अंतरावर वरून अशी भोकं पाडतात आणि निघालेली माती भोकाभोवती टाकतात. तीच आमच्या शिक्षकाची रेल्वे. लग्नाआधी अर्बाब स्वतः कमरेला दोर बांधून या भोकांतून खाली उतरलेला होता, गाळ काढायला. कोणाच्या बागेला किती वेळ पाणी, ते दिवसा काठीच्या सावलीवरून ठरायचं आणि रात्री ताऱ्यांवरून. पुढे मोटारीच्या विहिरी आल्या, पाणी खाली गेलं, फलज सुकला आणि माणसं शहराकडे गेली.

एवढं झाल्यावर मी भीतभीत 'जुने स्टेशन' कुठलं ते दाखवलं. चाचाने भाषांतर केलं. अर्बाब माझ्याकडे बघत राहिला, मग त्या पडक्या इमारतीकडे, आणि मग तो जो हसायला लागला तो काठीवर ओणवा होईपर्यंत हसला.

"काय झालं?" मी विचारलं.

चाचा डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, ते त्याच्या आजोबांचं घर आहे."

मला शरम वाटली. पण अर्बाब खूष होता. त्याने मला घरात नेलं, कुठल्या खोलीत खजूर साठवायचे, कुठल्या खिडकीतून आजोबा ओरडायचे ते दाखवलं. मी नकाशासाठी फलजचं नाव विचारलं. नावाचा अर्थ 'पश्चिमेचा', असं त्याने सांगितलं. मग त्याला शंका आली आणि त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. पलीकडून एक खणखणीत आवाज आला. अर्बाबचा चेहरा हळूहळू उतरला.

"बहीण म्हणते, ते नाव पलीकडच्या गावाने ठेवलेलं," चाचा म्हणाला. "खरं नाव 'नवा'."

"नवा? किती जुना आहे हा फलज?"

चाचाने विचारलं. "अर्बाब म्हणतो, कोणालाच माहीत नाही. पण ह्याच्याही आधी गावात दुसरा फलज होता, म्हणून हा नवा."

भावाबहिणीचा वाद वाढत चालला तेव्हा मी घाईने सांगितलं की नकाशात एका जागेला दोन नावं लिहिता येतात. हे फोनवर कळवल्यावर बहीण म्हणाली, वर 'नवा' लिहा, खाली त्याचं लिहा. आणि जेवायला या.

जेवण बहिणीच्या घरी झालं. बायकोला आत बायकांमध्ये नेलं, मी बाहेर पुरुषांबरोबर कहवा आणि खजूर घेत बसलो. दोन तासांनी ती बाहेर आली ती हातात एक कागद घेऊन. आतल्या बायकांनी तिला अख्खं गाव काढून दिलं होतं. फलज जमिनीबाहेर येतो ती जागा, तिथली बायकांची अंघोळीची भिंतीआडची कुंडी, लिंबांची बाग, मुली कुराण शिकायच्या ती खोली. यातलं एकही उपग्रहाच्या फोटोत ओळखू आलं नसतं आणि मला तर कोणी सांगितलंही नसतं.

"तुम्हा पुरुषांना फक्त पाणी कुठून येतं ते ठाऊक," ती गाडीत म्हणाली. "ते आल्यावर काय होतं, ते विचारलंस का?"

मी म्हटलं, "तूच काढ मग नकाशावर."

तिने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर स्वतःचं खातं उघडलं आणि मला बाजूच्या खुर्चीत बसवून, एकेक चौकोन काढत, गाव पूर्ण केलं. मी फक्त रेघेचं काम केलं: रेल्वे पुसली, फलज काढला, प्रत्येक भोकाला ठिपका दिला आणि सोबत सावध राहण्याची सूचना लिहिली. मग थंड देशातल्या शिक्षकाला कळवलं. वाटलं, बिचारा हिरमुसेल. त्याचं उत्तर आलं, "माझी रेल्वे गेली याचं वाईट वाटतं. पण आज सकाळपासून मी फलजबद्दलच वाचतोय, नाश्ताही राहिला. आजोबांच्या नातवाला माझी माफी सांगा."

मी चाचाला फोन करून ती माफी पोचवली. आता बायकोने इब्रीच्या भोवतालची आणखी तीन ओसाड गावं काढली आहेत, तीही तिथल्या म्हाताऱ्या बायकांना चाचामार्फत फोनवर विचारून. संध्याकाळी मी ऑफिसातून येतो तेव्हा लॅपटॉप तिच्याकडे असतो. चहा मी करतो.