कॉस्टिकनं धुतलेले हात

परळीत आमच्या शेडचं काम एकच, लोकांच्या मशिनींची घाण काढायची. कारखान्याचे गिअर, पंपाचे बेअरिंग, सगळं ग्रीसनं माखून येतं. आधी डिझेल लावून ब्रशनं घासायचं, मग कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत बुडवायचं. शेवटी वरून पाणी ओतायचं. पाणी सलग पसरलं तर पार्ट साफ. थेंब उभे राहिले तर तेल अजून हाय, घाला परत टाकीत! त्या वासाचा मला असला वीट आला होता, काय सांगू. पण जाणार कुठं? दुसरं काही येतच नव्हतं.

लग्नही जमेना. एका ठिकाणाहून तर स्पष्टच निरोप आला, पोराच्या अंगाला वास मारतो म्हणून. मग घाटनांदूरचं स्थळ आलं. आई म्हणाली, "या वेळेला साबण लावून नीट घास बरं." साबणानं काय होतंय, कपाळ! मी शहाण्यानं पातळ कॉस्टिक घेऊन कोपरापर्यंत हात घासले आणि वर पाणी ओतून बघितलं. थेंब उभे! परत घासले. अहो, माणसाच्या कातडीला स्वतःचं तेल असतं, हे तेव्हा कोण सांगणार? हात सोलून निघाले, थेंब काही हटेनात.

पोह्यांची बशी धरताना नुसती आग होत होती. मुलीचे वडील जुने गॅरेजवाले. माझे हात बघून उलट खूश झाले. "कष्टाचे हात हायेत," म्हणाले. मला तर मुलगी बघताक्षणी आवडली होती, खोटं कशाला बोलू?

दोघांना बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. ती हातांकडे बघून म्हणाली, "लई जळतंय का?"

"न्हाई."

"रागावू नका. डिझेलच्या वासातच लहानाची मोठी झाले मी. आता पुन्हा न्हाई होणार माझ्यानं. मी नको म्हणलं तर घरात कुणी ऐकणार न्हाई. तुमीच नकार कळवा ना."

कळवतो म्हणालो.

घरी सांगितलं, पसंत नाही. आई खवळली. "तोंड बघितलंस का आरशात? काय वाईट हाय पोरीत?"

"काळी हाय," म्हणालो. दुसरं कारणच सुचेना. आईनं कपाळाला हात लावला. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण कुणापुढं रडणार?

दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. परवा शेडपुढं टेम्पो थांबला. एक नवा गॅरेजवाला इंजिनाचे पार्ट धुवायला घेऊन आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "घाटनांदूरला सासुरवाडी हाय आपली, दिवाळीनंतरच लगीन झालं. सासरेबी आपल्याच लाइनीतले."

तिचाच नवरा. पार्ट उतरवून घेताना तो अगदी जवळ उभा होता. त्याच्या शर्टाला माझ्यासारखाच वास येत होता.