दोन्ही रकान्यांत माझंच नाव

आमच्या शाळेचा कॉम्प्युटर मी बिघडवला होता.

आणि बिघडवणाऱ्या पोरीच्याच हातात ज्यांनी ब्रश आणि स्पिरिटचा बोळा दिला, ते भोयर सर आज पहाटे गेले.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोराडीच्या पॉवर हाऊस कॉलनीतली आमची शाळा. सकाळचा पांढरा युनिफॉर्म राखेने दुपारपर्यंत करडा व्हायचा.

तिथे एके दिवशी दोन कॉम्प्युटर आले.

आले आणि थेट कुलुपात गेले.

हेडमास्तर भयंकर शिस्तीचे. बिघडलं तर इंजिनिअर मुंबईहून येणार, तो कधी उगवेल देवाला माहीत, तेव्हा कोणी हातच लावू नका, असं त्यांचं म्हणणं. फिजिक्सचे भोयर सर महिनाभर त्यांच्या मागे लागले. शेवटी परवानगी मिळाली, पण एका अटीवर. एकदा जरी बिघाड झाला, तर खोली बंद.

सरांनी नववीतले आम्ही सहा जण निवडले.

कॉम्प्युटर शिकवलाच. पण त्याआधी शिकवलं ते वेगळंच. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट अडकली, प्रोजेक्टरचा फ्यूज उडाला, प्रार्थनेच्या वेळी माईक किंचाळायला लागला, तर काय करायचं. कोणत्याही वर्गातून बोलावणं आलं की आम्ही हत्यारांची पिशवी घेऊन निघायचो.

गणिताच्या तासाला आलं तर पळतच निघायचो. खोटं कशाला बोलू?

सरांची एक खोड होती. ते स्वतः मशीनला हात लावत नसत. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि नुसते प्रश्न विचारायचे. काय दिसतं? जळका वास येतो का? प्लग काढला का?

त्यांना जे दोन मिनिटांत जमलं असतं, त्याला आमचा अख्खा तास जायचा. वैताग यायचा अगदी.

आणि प्रत्येक कामाची रजिस्टरमध्ये नोंद. काय बिघडलं. कोणाच्या हातून बिघडलं. कोणी दुरुस्त केलं.

मग आली खंडेनवमी.

शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा. पाण्याचा पंप, हार्मोनियम, शाळेची घंटासुद्धा. कॉम्प्युटरची पूजा माझ्याकडे आली. कुंकू टेबलाला लाव, मशीनला नको, असं सरांनी बजावलं होतं.

पण माझे बाबा पॉवर हाऊसमध्ये फिटर. ते आपल्या पान्यांना हळदीकुंकू लावायचे, पान्याच्या पेटीला नाही. देवाला कोणी दुरून कुंकू लावतं का?

मी कीबोर्डवर ओलं कुंकू लावलं. वर मूठभर अक्षता वाहिल्या. अगदी मनोभावे.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर निम्मी बटणं दबेनात. जी दबली ती वर येईनात.

माझ्या एकटीपायी सगळ्यांची खोली बंद होणार होती.

सर आले. पाहिलं. रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"कोणी केलं?"

मी हात वर केला.

"मंग तूच उघड."

"सर, मले नाही जमणार."

"काहून नाही? कुंकू लावणं जमलं ना वं?"

प्लग काढला. कीबोर्ड पालथा केला, अक्षतांचे तांदूळ पडले. एकेक बटण अलगद उपसून काढलं, खाली ब्रश फिरवला, कुंकवाचा चिखल स्पिरिटच्या बोळ्याने टिपला. सर मागे हात बांधून तसेच उभे.

सुकायला दुपार गेली. मग चालू केलं.

सगळी बटणं चालली. मी भोकाड पसरून रडले.

आता रजिस्टर. आमच्यातला एक मुलगा हळूच म्हणाला, लिहूच नको, चालू तर झालं, हेडमास्तरांना कोण सांगतंय? मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक बघत होते.

मी लिहिलं. कोणाच्या हातून बिघडलं, त्या रकान्यात माझं नाव. कोणी दुरुस्त केलं, तिथेही माझंच.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर हेडमास्तरांच्या टेबलावर. आम्ही सहाही जण रांगेत उभे. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि सरांना अटीची आठवण करून दिली.

सर म्हणाले, "दोन्ही रकाने खरे आहेत, सर. एकही खोटा असता त मीच कुलूप लावलं असतं."

हेडमास्तरांनी रजिस्टर मिटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी कुंकू टेबलाले."

म्हणजे पुढच्या वर्षीही खोली उघडीच राहणार होती.

दहावीत गेल्यावर आठवीच्या पोरांना शिकवायचं काम आमच्याकडे आलं. आम्हीही हात मागे बांधून उभे राहायला लागलो. फार अवघड असतं ते.

मग सरांची कळमेश्वरला बदली झाली.

दोन वर्षांनी ते सहज शाळेत आले होते. हा किस्सा त्यांनीच मला सांगितला, हसून हसून डोळे पुसत. ते कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले तर एक चिमुरडी आडवी आली. म्हणाली, "काका, आधी चपला बाहेर काढा. अन् हात नका लावू, काही लागलं त मले सांगा."

तिला सर कोण, हे माहीतच नव्हतं.

सर मुकाट्याने बाहेर आले, चपला काढल्या.

"संध्या, त्या दिवशी मी रिटायर झालो असतो तरी चाललं असतं," असं म्हणाले होते मला.

सर, शांतपणे जा. इथलं आम्ही बघतो.