भिंतीबाहेरचा नळ

आमच्या छत्रीबागेतल्या घरी नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर आधी पाइपला कान लावतो, मगच हळू आवाजात बोलतो. गेल्या उन्हाळ्यात तो एका सेठच्या नव्या कोठीवर कामाला होता.

"ताई, माणसं चार अन् बाथरूम अकरा," तो म्हणाला.

काम संपल्यावर सेठनं खूश होऊन बक्षीस काय हवं ते विचारलं. यानं कंपाउंडबाहेर, रस्त्यावरच्या लोकांना पाणी पिता येईल असा एक नळ लावायची परवानगी मागितली.

"मग?" मी विचारलं.

"सेठ एकदम उठून भिंतीपाशी गेले. मला वाटलं, आता पुढचं काम गेलं. मग म्हणाले, थोडा नीचे लगाना, बच्चों का हाथ पहुँचना चाहिए."

हे सांगताना तो आवळून झालेला नट उगाच पुन्हा आवळत राहिला.