बॉनेटवरचा ओरखडा

धाकट्या भावाच्या लग्नाच्या बोलणीत मी मुलीकडच्यांकडून एकच गोष्ट हट्टाने मागून घेतली. नवरदेवाला जानवसघरातून मांडवात आणायला गाडी मुलीकडच्यांनी पाठवायची, असा रिवाज. तो मान मला हवा होता. मुलीचे वडील मुलुंडचे, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. माझं शिक्षण कोकणात चौथीत संपलेलं, आणि साकीनाक्याला जुन्या मशिनांचा धंदा. मी बैठकीत सांगून टाकलं, "हुंडा नको, मानपान नको. नवरदेव माझ्या गाडीतून येणार, आणि गाडी मी चालवणार." त्यांनी खूप फिरवाफिरवी केली. मी जागचा हललो नाही. शेवटी ते हसून म्हणाले, "बरं, तुमची हौस." ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

गाडी काळी, विलायती, मी तिचा तिसरा मालक. इंजिन खणखणीत, रंग मात्र मेलेला. वाकोल्यात आमच्या घरामागे दगडाची खाण होती. तिचा पांढरा धुरळा रोज टपावर बसायचा आणि घरातलं कुणीतरी तो सुक्या फडक्याने पुसायचं. उन्हात बघाल तर सगळ्या अंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं. अंधेरीचा एक रंगारी हाताने पॉलिश करून द्यायला तयार होता. त्याने सांगितलेल्या भावावर मी असा हसलो की तो चपला घालून चालता झाला. मला काही वाईट वाटलं नाही. माझ्या शेडमध्ये एका बंद कारखान्यातून आलेलं, लोखंड घासायचं विजेचं मशीन पडून होतं. त्याची दगडी चकती काढली, लाकडाची बसवली, वर मेंढीच्या लोकरीची गादी शिवून घेतली आणि ते धूड घरी आणलं.

सुरुवात डिकीपासून केली. गादीला पॉलिशची पेस्ट लावून बटण दाबलं मात्र, सगळी पेस्ट भिंतीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर आणि माझ्या मिशीवर.

"गाडीला पॉलिश करताय की घराला गिलावा?" बायकोने दारातून विचारलं.

चिडून मशीन फेकणार होतो. पण मी वस्तूवरचा राग वस्तूवर काढत नाही, तिच्याकडून काम काढतो. हळूहळू समजत गेलं. आधी धुरळा वाहत्या पाण्याने धुवायचा, नाहीतर तोच गादीखाली सापडून नवे ओरखडे काढतो. पेस्ट बोटाने रंगावर पसरायची, गादी टेकवायची, मग बटण दाबायचं. मशीन एका जागी उभं करायचं नाही, आणि त्याच्या वजनापलीकडे जोर लावायचा नाही. ते लोखंडासाठी केलेलं, त्याचा वेग रंगाला भारी होता. संध्याकाळपर्यंत डिकीत माझं तोंड दिसू लागलं. दोन दिवसांत दारं, टप, मडगार्ड झाली. शेजारी येऊन बघून जात होते. मला वाटत होतं, मुलुंडकरांनी आता हसून दाखवावं.

बॉनेटही झालं होतं. मशीन पुसून ठेवत होतो, तेवढ्यात भाऊ बँकेतून आला. हात मागे बांधून गाडीभोवती फिरला. बॉनेटच्या मधोमध जी उंच धार असते, तिच्यावर त्याने नख फिरवलं.

"दादा, हा एक राहिला बघ."

"कुठे रे?"

"हा काय. नेमका समोर. सासऱ्यांची नजर पहिली इथेच जाणार."

मी मशीन पुन्हा लावलं. ओरखडा हलेना. आई आतून ओरडली, "मेल्या, पुरे कर. गाडी आसा ती, घासूचा भांडा न्हय!" पण भाऊ शेजारी उभा राहून सांगत होता, "अजून आहे, थोडा आहे अजून." मी जोर लावला. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो पॉलिशने जात नाही आणि धारेवर रंग सगळ्यांत पातळ असतो, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. गादीवर काळा रंग आधीपासून येतच होता, म्हणून काही कळलं नाही. मग तो तांबूस यायला लागला. जळका वास आला. मशीन उचललं तर तळहाताएवढा, रंगाखालच्या अस्तराचा तांबडा डाग, आणि मधोमध नागडा पत्रा.

"वाट लावलीस," भाऊ म्हणाला आणि घरात गेला.

लग्न परवावर आलेलं. रंग भरून तो वाळायलाही वेळ नव्हता. मी फुलवाल्याकडून बॉनेटभर मोगऱ्याची जाळी करून घेतली. डाग कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं असतं.

लग्नाच्या सकाळी जानवसघरासमोर मी गाडी लावली, तर मागोमाग दुसरी एक येऊन थांबली. नवी कोरी. मुलीचा मामा उतरला. "चला, नवरदेवांना न्यायला आलोय."

मी भावाकडे बघितलं. तो मुंडावळ्या सारख्या करत होता.

"तू निरोप पाठवलास?"

"दादा, आज तमाशा नको."

"तमाशा? 'अजून आहे, अजून आहे' कोण म्हणत होता?"

"गॅरेजला दिली असतीस तर ही वेळ आली नसती. प्रत्येक ठिकाणी तुझी काटकसर."

"त्या काटकसरीवरच बँकेत बसलायस! तुझ्या कॉलेजच्या फिया काय सासऱ्याने भरल्या?"

मामा खाली बघू लागला. भावाचं तोंड पांढरं पडलं. तो त्या गाडीत जाऊन बसला. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मुलाच्या आईने जिथे बसायचं तिथे, त्याच्या शेजारी, जाऊन बसली.

मी फेटा काढून मागच्या सीटवर टाकला आणि रिकामी गाडी घेऊन त्यांच्या मागे निघालो. मांडवाच्या दाराशी भावाला ओवाळणं चाललं होतं. मी गाडी थांबवली तसा मुलीकडचा एक पोरगेला गृहस्थ लगबगीने आला आणि त्याने माझ्या खिडकीवर थाप मारली.

"ओ ड्रायव्हर, गाडी मागे घ्या. पाहुण्यांच्या वाटेत येतेय."

भाऊ चार हातांवर होता. त्याने ऐकलं. मान वळली, पुन्हा पुढे झाली, आणि कपाळाला कुंकू लावून घ्यायला तो वाकला.

मी गाडी मागे घेतली.