लाल की निळा

मिस्त्रीकाकांना सगळे 'कान' म्हणत. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की त्याचं दुखणं ते गॅरेजात बसून सांगत. म्हणून पुतणीने जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरवल्यावर त्यांनाच सोबत नेलं. वर्षभरापासून त्यांना समोरचं बोलणं कळायचं, पण इंजिनातले बारीक आवाज ऐकू येत नव्हते, हे मात्र त्यांनी घरातही कुणाला कळू दिलं नव्हतं.

दलालाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन ट्रॅक्टर होते, दोन वेगळ्या कंपन्यांचे. लाल नुकताच रंगवलेला, टायर नवेकोरे. निळ्याचं बॉनेट चेपलेलं, सीट फाटलेली.

दलालाने लाल चालू केला. काका सवयीने डोळे मिटून उभे राहिले. कानात नुसती घरघर.

"काय वाटतं, काका?" पुतणीने विचारलं.

चांगला आहे, एवढं म्हटलं की सुटका होती. वेळ काढायला त्यांनी इंजिनावर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. आत्ता चालू केलेलं इंजिन इतकं तापलेलं कसं? निळ्याला हात लावला, तो गार होता.

"आम्ही यायच्या आधी चालवलात?"

"जरा गरम करून ठेवला," दलाल म्हणाला. "लवकर ठरवा, दुसरं गिऱ्हाईक वाटेत आहे."

"येऊ दे. हा गार झाल्यावर बघू."

दोघं बाहेर बाकावर बसली. काका खाली बघत म्हणाले, "मला नीट ऐकू येत नाही गं. वर्ष झालं."

"आणि माझ्या विहिरीवरच्या पंपाची मोटर? आवाज ऐकून ठीक आहे म्हणालात ती?"

"अंदाजाने सांगितलं."

"जळली ती, काका." तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच त्यांना मान वर करवेना.

तीन तासांनी लाल सहाव्या खेपेला चालू झाला, तोही पांढरा धूर ओकत.

"तू ऐक," काका म्हणाले. "काय येतंय?"

"टकटक. आता कमी होतेय."

"तापला की दबते. पिस्टन झिजलेत." दलाल दुसरीकडे बघू लागला.

निळा पहिल्याच खेपेला सुरू झाला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. "एकसारखा आहे," म्हणाली.

निळाच घेतला. तो ती स्वतःच चालवत घरी घेऊन आली. मोटरीचा राग गेला की नाही, काकांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजात पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा ते म्हणाले, "मला ऐकू कमी येतं. आवाज कसा येतोय, ते तुम्ही सांगायचं."