तोरणाखालचा रॅपर

डोणगावात माह्यं साउंडचं दुकान आहे. लग्न असो की भंडारा, भोंगे आमचेच. मागच्या खोलीच्या भिंतींले जुन्या गाद्या ठोकून मी रेकॉर्डिंगची सोय केली, ती एका दोस्तासाठी. थो रॅप करे.

आधीच सांगतो, मी बोलतो तसंच लिहिणार. कोणाले हसू येत असंन तर हसा. हसणाऱ्यांनीच आमचं वाटोळं केलं.

पोळ्याले बैलं तोरणाखाली उभी राह्यली की आमच्याकडे झडत्या म्हणतात. यमक जुळवून एकमेकाची टर उडवायची, समोरच्यानं त्याहून भारी यमकात परतवायची. त्यात लहानमोठा कोणी सुटत नाही. दोस्त शाळेपासून यात वस्ताद. म्हातारे म्हणत, या पोट्ट्याच्या जिभेले हाडच नाही. मंग मोबाइल आला आणि आम्ही पाह्यलं, अमेरिकेतली काळी पोरं चौकात घोळका करून असंच करून राह्यली. वाद्य घ्यायची ऐपत नाही, तर जुन्या तबकड्या मागंपुढं फिरवून ताल काढला त्यांनी. थे वारं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आलं आणि तिथून आमच्यापर्यंत.

"हे तं पोळाच आहे बे," दोस्त म्हणाला.

मंग काय, सोयाबीनवर, न येणाऱ्या एसटीवर, गावच्या पुढाऱ्यावर, सगळ्यांवर त्यानं गाणी केली, आपल्या बोलीत. लग्नात वरातीतले लोक बँड थांबवून त्याले माइक देत. पुण्याले स्पर्धा होती, तिथं मी संगं गेलो. दोस्तानं सुरुवात केली आणि पहिलं 'मले' निघालं तशी पब्लिक हसली. मंग प्रत्येक ओळीले हसली. गाणं बापाच्या मरणाचं होतं.

मले मारामारीच करायची होती. त्याले मात्र वाटलं, चूक आपल्याच जिभेची. परतल्यावर थो 'मला-तुला' घोकू लागला. सारी गाणी नव्यानं रेकॉर्ड केली आणि जुनी माह्या समोर बसून पुसली, एकूण एक. मी लई भांडलो. म्हटलं, ज्या पोरांचं पाहून हे शिकलो त्यांनी आपल्या गल्लीची बोली सोडली होती का? शेरभर अक्कल दिली मी त्याले. त्यानं शांतपणे सांगितलं की पुढं जायचं असंन तर हे करावंच लागते. नवी गाणी साफ होती, खोटं काऊन बोलू. पण ऐकताना मले थो ओळखू येत नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मेहकर रस्त्यावर ट्रकनं त्याच्या गाडीले उडवलं. जागेवरच गेला. मोबाइलचा चुरा झाला होता.

महिन्याभरानं त्याची माय दुकानात आली. चप्पल बाहेर काढून आत आली, देवळात यावं तशी. म्हणाली, एकडाव त्याचा आवाज ऐकव बाबू, माह्या कानातून जाऊन राह्यला. मी तिले हेडफोन लावून दिले, त्याचं सगळ्यात चांगलं गाणं लावलं. तिनं डोळे मिटून पुरं ऐकलं. मंग विचारलं,

"हा कोन व्हय? माहा पोरगा असा नाही बोले."

मी दुसरं लावलं, तिसरं लावलं. तिची मान हलतच राह्यली. इतकी गाणी आणि मायले पोरगा सापडत नाही. कॉम्प्युटर उलथापालथा करताना नव्या गाण्यांपैकी एकाची न कापलेली फाइल मिळाली. रेकॉर्डिंग चालू असताना त्याचा फोन वाजला होता. असा भाग मी कापून फेकतो, गाणं साफ ठेवायले. ह्या फाइलीत तेवढा राहून गेला होता. थो फोनवर बोलला होता:

"हाव माय, येऊन राह्यलो. भाकर टाक."

बस, एवढंच. ताल नाही, यमक नाही. मायनं हेडफोन कानावर घट्ट दाबले. पुन्हा लाव म्हणाली. मी लावलं. पुन्हा म्हणाली, पुन्हा लावलं. मंग तिनं हेडफोन काढले आणि खुशखबर सांगावी तशी माह्याकडे पाहून बोलली,

"येऊन राह्यलो म्हन्ते."

मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?