हैदराबादच्या शर्यतीचा पस्ताना

लग्न होऊन मला दोन वर्षंही झाली नव्हती. गोठ्यामागं शेण थापत बसले होते, आणि कुडापलीकडे माझे सासरे नत्थुजी आणि धाकटे दीर देवमन यांची जुंपली. मी थापायची थांबले. कानावर पडलेलं ऐकू नये, असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

"बहिरमच्या जत्रेतली ती लाकडाची विहीर, तिच्या भितीवर तू गाडी चालवशीन?"

"उस्ताद स्वतः म्हणे, बाबा. पोराचा हात चांगला हाये म्हणे."

"अन् अमरावतीले फुलं कोण नेईन? उस्ताद?"

"दादा नेईन."

"त्याले सायकल आवरत नाही."

दादा म्हणजे माझे मालक. सासऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला राग आला नाही. जत्रा उठली, मौतका कुआंवाले निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देवमननं झेंडूची पोती गाडीत टाकली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तेच.

आमचं घर माळ्याचं. मोर्शीच्या अलीकडे चार एकर, त्यात शेवंती, झेंडू, थोडी मेथी. आधी मेटाडोर होती, मग छोटा हत्ती आला, पण चाल एकच. जोरात नेली की वारा लागून पाकळी करपते, बाजारात पोतं उघडलं की व्यापारी नाक मुरडतो. म्हणून काटा चाळीसच्या वर गेला नाही. वेगाचं एवढं वेड असलेला माणूस, आणि रस्त्यात त्याला बैलगाडी सोडून सगळे मागं टाकायचे. लग्नाचं विचारलं तर "पाहू" म्हणायचे. पाहता पाहता केस पिकले.

माझी नात आकांक्षा अकोल्याला बँकेत लागली, आणि सुट्टीत आली की आपल्या मोबाइलवर देवमनना गाड्यांच्या शर्यती दाखवायची. ते चष्मा पुसून बसायचे. गाडी वळणाला यायच्या आधी बोट उचलायचे, "आता दाबते ब्रेक," आणि ती तिथंच दाबायची. तीन वर्षांमागं तिनं बातमी आणली की हैदराबादला तलावाकाठी मोठी शर्यत होणार, देशोदेशीचे गाडीवाले येणार.

"आबा, आपण दोघं जाऊ. अकोल्याहून सरळ गाडी हाये."

"मले कोण आत घेईन बाई?"

"पास काढला म्या. फक्त एक सांगते, आवाज नसते त्या गाड्यांचा. विजेवर चालतात."

"अशी कशी शर्यत? मांजरं पळून राहिली का?"

हसले खरे, पण त्या दिवसापासून माणूस बदलला. नवा सदरा शिवून घेतला. टोपी घालावी की नाही, हे मला चारदा विचारलं. पिणार-खाणार काय, शर्यत किती वेळ चालते, मधे उठता येतं का, सगळं आकांक्षाला फोनवर विचारून घेतलं. मी दशम्या आणि तिळाची चटणी करायची ठरवली. बाजारात फुलं कोण नेणार तेही त्यांनीच लावून दिलं. पासष्टी ओलांडलेला माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी कुठं निघाला होता.

गाडी गुरुवारी संध्याकाळची. आणि गुरुवारी दक्षिणेला निघू नये, हे माझ्या आईनं माझ्या डोक्यात घातलेलं. आकांक्षा म्हणाली, "आजी, रेल्वे वार पाहत नाही." मी म्हटलं, रेल्वेनं पाहू नये, आपण पाहावा. यावर आमच्याकडे तोड आहे. चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो असं धरतात. मग निघताना तेवढं उचलायचं. याला पस्ताना म्हणतात. बुधवारी मी पिशवी भरली. सुपारी, हळकुंड, नवा सदरा. आणि माझ्याच हातानं आधार कार्ड आणि तो कुरिअरनं आलेला पास सदऱ्याच्या खिशात घातला. म्हटलं, कामाची वस्तू गेली की पस्ताना पक्का. देवमननं ती पिशवी गावाच्या दक्षिणेला, त्यांचे दोस्त पंजाबराव यांच्या घरी दिवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली.

गुरुवारी सकाळी देवमन पिशवी आणायला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

"पिशवी कुठं हाये, भाऊजी?"

"पार्बताकाकू गेली, वयनी. पंजाबची माय. पहाटेच."

"अन् पिशवी?"

"तिच्या उशाशी, दिवळीत. लेकी रडून राहिल्या तिथं. म्या काय म्हणू त्याहिले, बाजूले सरका, मले शर्यत पाहाले जा लागते?"

देवमन शेतात गेले, शेवंतीचा वाफाच्या वाफा खुडला, आणि फुलं तिरडीसाठी घेऊन गेले. पार्बताबाईची धामणगावची लेक यायची होती, तिच्यासाठी सगळे थांबले. अकोल्याला जायचं तर बारालाच निघायला पाहिजे होतं. बारा वाजले तेव्हा ते पंजाबरावच्या अंगणात बांबू बांधत होते.

मी बाईमाणूस. आत जाऊन पार्बताबाईच्या पायाशी बसले असते, उठताना दिवळीत हात घातला असता, कोणी काही म्हटलं नसतं. मी गेलेही. बसलेही. पिशवी हातभर अंतरावर होती. पण सुतकाच्या घरातली वस्तू चांगल्या प्रवासाला कशी न्यायची, हे मनात आलं आणि हात पदरातच राहिला. हे मी देवमनना कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी अकोला स्टेशनवरून आकांक्षाचा फोन आला. मागं भोंगा ऐकू येत होता.

"यंदा राहू दे बाई," देवमन म्हणाले. "तू जाय. येऊन सांगजो मले."

तीही गेली नाही.

तेरवी झाल्यावर पंजाबराव पिशवी घेऊन आले. आत काय आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. "देवमन, लेका, बोलला कावून नाही?" म्हणून दारातच रडायला लागले. देवमननं त्यांना बसवलं, चहा पाजला. "शर्यत काय, पुढच्या साली येईन," म्हणाले.

पुढच्या साली हैदराबादला शर्यत झालीच नाही. कोणाकोणाचं पटलं नाही म्हणे. त्याच्या पुढच्या साली देवमनच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, लांबचा प्रवास नको म्हणाले. अमरावती लांब आहे की जवळ, हे देवमननं विचारलंच नाही. मोबाइलवर शर्यत दाखवली की पाहायचे, पण बोट उचलणं सुटलं होतं.

यंदा एका सकाळी आकांक्षाचा फोन आला. गाड्यांची एक शर्यत आता मद्रासकडेही होते, डॉक्टरला ती स्वतः विचारणार होती, विमानानं नेणार होती. मी फोन घेऊन अंगणात धावले. गुडघ्यानं जेवढं धावू दिलं तेवढं. देवमन गाडीत पोती रचत होते.

"भाऊजी, पोरगी विमानाचं म्हणून राहिली. या वेळी मी वार पाहणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी हसले.

"फुलं टाकून येतो, वयनी. मंग बोलतो तिच्याशी."

देवमन जिवंत परत आले नाहीत; अमरावतीच्या फूलबाजारातल्या लोकांनी पुढचं सांगितलं. रोजच्या वेळेला आले. पोती मोजून उतरवली. एकाचं तोंड सुटलं होतं, ते सुतळीनं बांधलं. चहा घेतला. मग गाडी मागं घेऊन लिंबाखाली ओळीत लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात ठेवली, आणि मागच्यांना जागा राहावी म्हणून आरसे आत मिटले.